पक्ष्याचा कान, पक्ष्याचा तोल: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात ठाणे खाडीतल्या पक्ष्यांवरच्या लेखात ‘पक्ष्याला तोल कानामुळे सांभाळता येतो’ असं एक वाक्य होतं. त्यावर ठाणे, कळवा, ऐरोलीपासून पार बेलापूरपर्यंतच्या वाचकांनी प्रश्न पाठवले. कुणाला रचना समजून घ्यायची आहे, कुणाच्या ढाबळीत मान पिळवटलेली कबुतरं आहेत. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

घणसोलीहून एक विद्यार्थिनी विचारतात: पक्ष्यांना कान दिसतच नाहीत. मग तोलाचा अवयव नेमका कुठे असतो आणि काम कसं करतो?

उत्तर: पक्ष्याला आपल्यासारखा बाहेर आलेला कान नसतो एवढंच. कोंबडीच्या डोळ्याच्या मागे, जरा खालच्या अंगाला, बारीक पिसं उलट्या दिशेने सारली की गोल भोक दिसतं. आत पडदा, आणि पडद्यामागे कॉल्युमेला नावाचं काडीएवढं एकच हाड. आपल्या मधल्या कानात तीन हाडं असतात, पक्ष्याचं एकावरच भागतं. ही काडी जिथे जाऊन टेकते तिथून आंतरकर्ण सुरू होतो. त्याच्या खालच्या अंगाला ऐकण्याची किंचित वाकलेली नळी असते आणि वरच्या अंगाला तोलाचे अवयव. कोंबडीत हे सगळं मिळून करंगळीच्या नखाएवढं असेल.

रचना दुहेरी आहे. कवटीच्या हाडात कोरलेली पोकळ नळी आणि तिच्या आत पातळ पडद्याची दुसरी नळी. दोन्हींच्या मधल्या जागेत पेरिलिम्फ नावाचा द्रव, आतल्या नळीत एंडोलिम्फ नावाचा दुसरा द्रव. एंडोलिम्फमध्ये पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, म्हणजे पेशींबाहेरच्या इतर द्रवांच्या अगदी उलट. या फरकावरच पुढची सगळी विद्युत यंत्रणा चालते.

प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. पुढची सर्वांत मोठी. ती कमान घेत वर उठते आणि मागे वळते. तिच्या कमानीखालच्या खळग्यात छोट्या मेंदूचा फ्लॉक्युलस नावाचा भाग बसलेला असतो. मागची नलिकाही उभीच, पण पुढचीशी साधारण काटकोनात. तिसरी आडवी. पक्ष्यांची एक खूण म्हणजे मागच्या नलिकेचा खालचा भाग आडव्या नलिकेला ओलांडून तिच्या पातळीखाली उतरतो, त्यामुळे बाजूने पाहिलं तर तिथे फुली दिसते. पुढची आणि मागची नलिका वरच्या टोकाला एका सामाईक खांबात मिळतात.

प्रत्येक नलिकेचं एक टोक फुगीर असतं, त्याला अँप्युला म्हणतात. त्यात एक आडवा उंचवटा आणि त्यावर केसपेशी, म्हणजे टोकाला सूक्ष्म केस असलेल्या संवेदक पेशी. कोंबडी आणि कबुतरात उभ्या नलिकांमधल्या उंचवट्यावर शिवाय एक छोटी आडवी भिंत असते. केसपेशींचे केस क्युप्युला नावाच्या जेलीच्या पडद्यात रुतलेले असतात आणि हा पडदा अँप्युलाची सगळी वाट अडवून उभा असतो. डोकं वळलं की नळी लगेच वळते, आतला द्रव मात्र मागे रेंगाळतो. बस सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो तसा. त्या रेंगाळण्याने क्युप्युला वाकते, केस वाकतात आणि मज्जातंतूतून जाणारे संदेश वाढतात किंवा घटतात. केस एका बाजूला वाकले तर वाढ, दुसऱ्या बाजूला वाकले तर घट. डाव्या कानात वाढ झाली की उजव्या कानातल्या जोडीदार नलिकेत घट होते आणि मेंदू या दोहोंतला फरक वाचतो. आडव्या नलिकांची जोडी आडव्याशीच. उभ्यांची मात्र तिरकी: डाव्या कानाची पुढची आणि उजव्या कानाची मागची, कारण त्या दोन जवळपास समांतर असतात.

हे झालं वळण्याचं. डोकं कुठे कललं आहे आणि वेग सरळ रेषेत वाढतो आहे की कमी होतो आहे, हे सांगणारे अवयव वेगळे. यूट्रिकल आणि सॅक्यूल या दोन पिशव्यांत केसपेशींचे चट्टे असतात, त्यांवर जेलीचा थर आणि थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक. डोकं कललं की हे जड स्फटिक सरकू पाहतात आणि खालचे केस वाकवतात. यूट्रिकलचा चट्टा साधारण आडवा, सॅक्यूलचा उभा. पक्ष्यांत यांच्या जोडीला तिसरा, असाच स्फटिकांचा अवयव असतो: लॅजिना. तो ऐकण्याच्या नळीच्या अगदी टोकाला बसतो. मासे, बेडूक, सरडे, पक्षी आणि अंडी घालणारे सस्तन प्राणी यांच्यात लॅजिना आहे. माणसासकट बाकीच्या सस्तन प्राण्यांत नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढच्या बहुतेक उत्तरांत ती लागणार आहे. हे सगळे अवयव डोक्यात आहेत, म्हणून ते फक्त डोक्याची बातमी देतात. धड कुठे आहे हे कळायला मानेच्या स्नायूंकडून आणि सांध्यांकडून येणारी माहिती लागते. शिवाय स्फटिकांना ‘डोकं मागे कललं’ आणि ‘पुढे जोरात निघालो’ यांतला फरक एकट्याने कळत नाही, कारण दोन्हीत ते मागेच सरकतात. नलिका, डोळे आणि मान यांची माहिती एकत्र केल्यावरच मेंदूला तो उलगडतो.

नौपाड्यातले एक निवृत्त प्राध्यापक विचारतात: हे कानातच आहे, हे शोधलं कुणी आणि कसं?

उत्तर: कबुतरांमुळे कळलं. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर फ्लूराँस यांनी कबुतराची एकेक नलिका कापली. ऐकण्यावर परिणाम न होता डोकं मात्र हेलकावे खाऊ लागलं, आणि तेही कापलेल्या नलिकेच्याच प्रतलात. आडवी कापली तर डोकं डावीकडे-उजवीकडे, उभी कापली तर वर-खाली. तरीही हा तोलाचा अवयव आहे असं स्पष्ट म्हणायला १८७० उजाडलं. जर्मनीचे फ्रीडरिश गोल्ट्झ यांनी ते मांडलं. १८९२ मध्ये एवाल्ड यांनी कबुतराच्या नलिकेला भोक पाडून बारीक दट्ट्याने आतला द्रव हवा तिकडे ढकलला आणि द्रव ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला डोळे व डोकं वळतात हे दाखवलं. १९२९ मध्ये इटलीच्या पिएत्रो तुल्लिओ यांना आढळलं की नलिकेच्या हाडाला भोक पाडलेल्या कबुतराजवळ मोठा आवाज केला की त्याचं डोकं झटक्याने हलतं. काही माणसांच्या नलिकेवरचं हाड झिजलेलं असतं आणि त्यांना मोठ्या आवाजाने चक्कर येते. त्या लक्षणाला कानाचे डॉक्टर आजही तुल्लिओंचंच नाव लावतात.

या प्रयोगांत कबुतरांनी फार सोसलं आहे. उत्तरं मिळालेली आहेत. ते पुन्हा करून बघण्याचं कारण कुणालाही नाही.

वाशीहून प्राणिशास्त्राचा एक विद्यार्थी विचारतो: कॉलेजात फक्त आकृती दाखवतात. चिकनच्या दुकानात मिळणाऱ्या डोक्यातून या नलिका बघता येतील का? मी प्रयत्न केला तर सगळा चुराच हाती आला.

उत्तर: येतील, आणि फार सुंदर दिसतात. पक्ष्याची कवटी दोन पातळ पत्र्यांची आणि मध्ये पोकळ जाळीची असते, नलिकेचं हाड मात्र घट्ट आणि गुळगुळीत. त्यामुळे भोवतालची जाळी टोकरून काढली की नलिका आपोआप उभ्या राहतात. तुमचा चुरा झाला असेल तो बहुधा बॉयलरच्या डोक्यामुळे. बॉयलर पाच-सहा आठवड्यांची असतानाच कापतात. त्या वयात कवटीची हाडं एकमेकांत जुळलेली नसतात, शिजली की सुटी होतात. गावठी कोंबडा किंवा अंडी देणं थांबलेली लेअर कोंबडी यांचं डोकं मागून घ्या. दोन घ्या: एक अख्खं ठेवायला, एक मधोमध कापायला.

हातमोजे, मास्क आणि चष्मा हवाच. बर्ड फ्लूच्या बातम्या चालू असतील तेव्हा हे काम हाती घेऊ नका. भांडं स्वयंपाकाचं नको.

कॉल्युमेला बघायची असेल तर ती शिजवण्याआधी बघा. ताज्या डोक्यात कानाचं भोक कात्रीने रुंद करा. बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेला पडदा दिसेल. कडेने तो सुईने सोडवला की मागून काडी येते आणि तिचं आतलं टोक चकतीसारखं दिसतं. शिजल्यावर ही काडी गळून जाते आणि सापडत नाही.

मग कातडी सोला, डोळे काढा, खालचा जबडा जिभेसकट वेगळा करा. कानाच्या पुढ्यात जबड्याला धरून ठेवणारं एक हाड सुटं हलतं. ते अलगद काढलं की कानाची पोकळी मोकळी होते. डोकं बुडेल एवढ्या पाण्यात मंद आचेवर २० ते ३० मिनिटं ठेवा. खळखळ उकळू नका आणि कुकर तर नकोच. दोन्हींत हाडाचा चिकट भाग विरघळतो आणि ते ठिसूळ होतं. चिमटा आणि जुना टूथब्रश घेऊन मांस काढा. मेंदू मानेकडच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची पिचकारी मारून काढता येतो. पांढरं करायचं असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, एक रात्र, बस. कपड्यांचं ब्लीच हाडाला लावू नका, पृष्ठभाग खडूसारखा सुटायला लागतो. पंख्याखाली दोन दिवस सुकवा. नवी मुंबईच्या पावसाळ्यात हाड सुकत नाही, वास धरतं आणि बुरशी येते, म्हणून हे काम दिवाळीनंतरच काढलेलं बरं.

कापायचं डोकं हॅकसॉच्या बारीक पात्याने मधोमध, चोचीकडून मागे कापा. आतल्या भिंतीवर आधी मोठा गोल खड्डा दिसेल, तो मेंदूतल्या दृष्टीच्या गोळ्याचा. त्याच्या मागे एक लहानसा खळगा, तो फ्लॉक्युलसचा. या लहान खळग्याची काठ म्हणजेच पुढची नलिका. इथे सुई लावायची नाही, आधी नुसतं बघून दिशा मनात पक्की करायची.

टोकरायला अख्खी कवटी घ्या. शिवणकामाची जाड सुई मेकॅनिकल पेन्सिलीत घट्ट बसवा. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ती वाकते. कानाच्या भोकाच्या वर आणि मागे बाहेरचा पत्रा फोडा आणि आतली जाळी एकेक काडी करून मोडा. सुई आत दाबायची नाही, बाहेरच्या दिशेने उचकटायची. जाळी कुरकुरत मोडते आणि नलिकेवर सुई घसरते, हा फरक हाताला चटकन कळतो. १० पट भिंग असेल तर काम निम्मं सोपं. मागच्या नलिकेपासून सुरुवात करा, ती पृष्ठभागाच्या जवळ असते. तिच्या मागावर वर गेलात की सामाईक खांब लागतो आणि तिथून पुढची कमान. आडव्या नलिकेची आणि मागच्या नलिकेची फुली सर्वांत नाजूक जागा. तिथे बहुतेकांचं काम बिघडतं, म्हणून ती शेवटी उघडा.

नलिका पोकळ आहे हे पटवायचं असेल तर कमानीच्या माथ्यावर बारीक खाच पाडून टूथब्रशचा एक तंतू आत सरकवा. एक मात्र आहे: या पद्धतीत हाताला लागतो तो हाडाचा साचा. पडद्याची नळी, क्युप्युला, केसपेशी हे सगळं शिजताना गेलेलं असतं. ते बघायचं तर ताजा नमुना फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, मग हाडातला चुना काढून सूक्ष्मदर्शकासाठी काप घ्यावे लागतात, आणि ते घरी करण्याचं काम नाही. फॉर्मॅलिन घरात आणूच नका.

नेरूळहून एक विज्ञान शिक्षिका विचारतात: कोंबडी हातात धरून हलवली तरी तिचं डोकं जागच्या जागी राहतं. हाच तो कानाचा परिणाम का? आणि मग कबुतर चालताना डोकं का हलवतं?

उत्तर: पहिल्यात कानाचा मोठा वाटा आहे, पण सगळा नाही. कानाने हालचाल टिपली की मानेच्या स्नायूंना उलट हुकूम जातो आणि डोकं स्थिर राहतं. आपण हेच काम मुख्यतः डोळे फिरवून करतो. पक्ष्यांचे डोळे कवटीत जवळपास ठासून बसलेले असल्यामुळे त्यांना मान वापरावी लागते. झटक्याच्या हालचालीला कान लवकर प्रतिसाद देतो. अगदी सावकाश हालचाल नलिकांना नीट कळत नाही, कारण द्रवाला रेंगाळायला कारणच मिळत नाही. तिथे डोळे काम करतात. वर्गात दाखवायचं असेल तर पाळीव, हाताळायची सवय असलेली कोंबडी घ्या, पंख अंगाशी ठेवून दोन्ही हातांनी धरा, आधी सावकाश आणि मग जरा पटकन दहा-पंधरा सेंटीमीटर बाजूला न्या. मिनिटभर पुरे. पक्ष्याला गरगर फिरवणं मुळीच करू नका.

कबुतराचं डोकं हलवणं हा डोळ्यांचा मामला आहे. डोकं पुढे फेकायचं, मग धड पुढे येईपर्यंत ते भोवतालच्या दृश्याच्या संदर्भात स्थिर धरायचं, असं ते चालतं. १९७८ मध्ये कॅनडात बॅरी फ्रॉस्ट यांनी कबुतर ट्रेडमिलवर चालवलं. पाय चालत होते, पण भोवतालचं दृश्य मागे सरकत नव्हतं; डोकं हलायचं थांबलं. हालचाल नुसत्या चालण्यातून येत असती तर तसं झालं नसतं.

उरण-पाणजेच्या बाजूला कापशी घार हवेत एका जागी पंख मारत थांबते, किंवा काळा-पांढरा खंड्या पाण्यावर थांबतो, तेव्हा मुलांना दुर्बिणीतून फक्त चोच बघायला सांगा. पंख, शेपटी, धड सगळं हलत असतं, चोच हलत नाही. वळण घेणारी घारही तशीच: पंख तिरके, डोकं आडवं.

कोपरीहून एक वाचक विचारतात: घारीच्या नलिका कोंबडीपेक्षा मोठ्या असतात का? म्हणजे कान बघून उडण्याची पद्धत ओळखता येईल का?

उत्तर: तशी पद्धत ओळखता येणार नाही. नलिका मोठी तर संवेदनशीलता जास्त, हे ढोबळमानाने खरं आहे. पण नलिकेचा आकार शरीराच्या आणि डोक्याच्या मापाशी आणि कवटीत उरलेल्या जागेशी फार बांधलेला असतो. अनेक जातींची तुलना केली की उड्डाणाच्या शैलीचा ठसा त्यात फिका दिसतो.

सीवूड्सहून एक वाचक विचारतात: इथल्या तलावात फ्लेमिंगो तासन्‌तास एका पायावर, डोकं पाठीत खुपसून झोपतात. डोकं असं मुडपलेलं असताना कान तोल कसा सांभाळतो?

उत्तर: झोपलेल्या फ्लेमिंगोचा तोल मुख्यतः पायाच्या रचनेवर उभा आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत यंग-हुई चँग आणि लीना टिंग यांनी मेलेल्या फ्लेमिंगोवर हे तपासलं. पाय धडाच्या बरोबर मध्याखाली आणला की स्नायूंच्या मदतीशिवाय, नुसत्या वजनाने तो एका पायावर स्थिर राहिला. दोन पायांवर मात्र तसा राहिना. जिवंत पिल्लं पायाखालचा भार मोजणाऱ्या पाटावर उभी केली तेव्हा पेंगणाऱ्या पिल्लाचं शरीर जागं असताना हलतं त्यापेक्षा कमी डुललं. आपल्याला जो उलटा गुडघा वाटतो तो घोटा आहे. गुडघा आणि खुबा वर पिसांत दडलेले असतात. एका पायावर का उभं राहायचं, हा प्रश्न वेगळा. उघड्या पायातून जाणारी उष्णता वाचते, या कारणाला निरीक्षणांचा आधार आहे.

मुडपलेल्या डोक्याबद्दल: वर म्हटल्याप्रमाणे कान फक्त डोक्याची स्थिती सांगतो. मान किती आणि कुठे वाकली आहे हे मेंदूला मानेकडून कळतं, त्यावरून तो धडाचा हिशेब लावतो. फ्लेमिंगो खाताना चोच उलटी करून चिखलातून फिरवतो, तेव्हाही हाच हिशेब चालू असतो. याशिवाय पक्ष्यांच्या कमरेजवळच्या मज्जारज्जूत एक खास रचना असते. तिथे द्रवाने भरलेल्या बारीक वाहिन्या आणि त्यांच्या कडेला मज्जापेशींचे छोटे उंचवटे असतात. जर्मनीचे राइनहोल्ड नेकर यांनी मांडलं की चालताना आणि उभं राहताना हा धडाचा स्वतःचा तोल-संवेदक असावा. कल्पना भक्कम आहे, पण ती पूर्णपणे सिद्ध झाली असं म्हणता येत नाही.

नोव्हेंबर ते मे हा बघण्याचा काळ. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण भरतीला हे पक्षी विश्रांती घेतात ते बरेचसे नवी मुंबईच्या तलावांत आणि पाणथळींत. झोपलेल्या थव्याजवळ फोटोसाठी जाऊ नका.

कळव्याहून एक कबुतरपाळक विचारतात: माझ्या ढाबळीतल्या दोन कबुतरांची मान पिळवटली आहे. दाणा टिपताना नेम चुकतो, उडताना उलटी होतात. कानाचा आजार म्हणून मेडिकलवाल्याने जेंटामायसिन सुचवलं. देऊ का?

उत्तर: देऊ नका. जेंटामायसिन आणि त्याच गटातलं स्ट्रेप्टोमायसिन आंतरकर्णाच्या केसपेशीच मारतात, शिवाय मूत्रपिंडावर ताण आणतात. आणि तुम्ही सांगता त्या लक्षणांत मूत्रपिंड आधीच आजारी असण्याची शक्यता बरीच आहे.

एकाहून जास्त पक्षी, पिळवटलेली मान, चुकणारा नेम, आणि विष्ठेभोवती पाण्याचं थारोळं असेल तर पहिला संशय कबुतरांच्या पॅरामिक्झो विषाणूचा. कोंबड्यांतल्या मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्या विषाणूचाच हा कबुतरांतला प्रकार. तो मेंदूत आणि मज्जारज्जूत दाह करतो. कान शाबूत असला तरी त्याने पाठवलेली माहिती वाचणारी जागाच बिघडलेली असते, म्हणून लक्षणं कानाच्या आजारासारखी दिसतात.

बाकीच्या शक्यता अशा वेगळ्या काढा. एकच पक्षी, डोकं एकाच बाजूला कललेलं, कानाच्या भोकात पू किंवा घाण वास: खरोखर कानाचा संसर्ग असू शकतो. पंखाचा किंवा पायाचा सांधा सुजलेला, हिरवट विष्ठा, वजन उतरलेलं: साल्मोनेला. काल धडधाकट, आज अचानक आणि काचेवर आदळल्याचा संशय: डोक्याला मार. मान मागे आकाशाकडे ताणली जात असेल तर बी-१ जीवनसत्त्वाची कमतरताही डॉक्टरांना विचारा. नक्की निदान पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून घसा आणि विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवूनच होतं. विषाणूवर थेट औषध नाही. जिवाणूंचा जोडीचा संसर्ग असेल तर डॉक्टर सुरक्षित अँटिबायोटिक ठरवतील.

तोवर काय करायचं ते सांगतो. दोन्ही पक्षी आज वेगळे करा, आणि त्यांचं काम सगळ्यांत शेवटी करा, म्हणजे हातातून विषाणू पुढे जाणार नाही. विष्ठेतून तो बरेच दिवस पसरतो, त्यामुळे बरं वाटलं म्हणून लगेच थव्यात सोडू नका. पिंजरा बुटका, तळाशी टॉवेल, उंच दांडी नको. पडून पंख मोडतात. उजेड मंद ठेवा. घाबरलं की मान आणखी पिळते, हे तुम्ही पाहिलंच असेल.

ही कबुतरं दगावतात ती बरेचदा उपासमारीने. भूक असते, पण चोच दाण्याच्या बाजूला पडते. पसरून टाकलेला दाणा त्यांच्या उपयोगाचा नाही. पाच-सहा सेंटीमीटर खोल वाटी दाण्याने काठोकाठ भरा, चोच कुठेही पडली तरी दाणाच लागेल. तेही जमत नसेल तर भिजवलेले वाटाणे किंवा मका एकेक करून चोच उघडून जिभेच्या मागे ठेवा आणि कबुतराला स्वतः गिळू द्या. मोठ्या कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम कोरडा दाणा लागतो, तो तीन वेळांत विभागा. पुढचं भरवण्याआधी गळ्याखालची पिशवी रिकामी होत आली आहे का ते बोटाने बघा. पिशवी तशीच भरलेली असेल तर भरवू नका, डॉक्टरांना दाखवा. पाणी ड्रॉपरने घशात सोडू नका, श्वासनळीत जातं. कबुतर चोच बुडवून पाणी ओढून पितं, म्हणून जड, अरुंद भांड्यात दोन-तीन सेंटीमीटर पाणी ठेवा आणि चोचीचं टोक हलकेच त्यात टेकवा. रोज एकाच वेळी वजन करा. मान किती वाकडी आहे यापेक्षा वजनाचा आकडा जास्त खरं सांगतो.

बरीच कबुतरं काही आठवड्यांत सुधारतात, काहींची मान थोडी वाकडी राहते आणि ताण आला की जास्त वळते. उरलेल्या निरोगी पक्ष्यांच्या लसीबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला; लस आजारी पक्ष्याला बरं करत नाही. हा विषाणू माणसाच्या डोळ्यांना लाली आणू शकतो, म्हणून हात साबणाने धुवा. ढाबळ झाडताना विष्ठा आधी ओली करा आणि मास्क लावा. सुकलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुफ्फुसं कायमची खराब होतात.

ऐरोलीहून एक शाळकरी वाचक विचारते: कबुतराच्या कानात होकायंत्र असतं, हे खरं का?

उत्तर: असावं असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. २०११ मध्ये ल-चिंग वू आणि डेव्हिड डिकमन यांनी चुंबकीय क्षेत्र बदललं की कबुतराच्या मेंदूतल्या तोलाशी संबंधित पेशी जाग्या होतात आणि त्यात लॅजिनाचा हात आहे, असं दाखवलं. पुढे केसपेशींत लोहाचा एक सूक्ष्म गोळाही सापडला, पण तो होकायंत्र आहे याचा पुरावा मिळालेला नाही. नलिकेतल्या द्रवात चुंबकामुळे वीज निर्माण होत असेल असंही एक मत आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

घोडबंदर रोडवरून एक वाचक विचारतात: दिवाळीत फटाक्यांनी पक्ष्यांचा तोल जातो का? आमच्या इमारतीच्या काचांखाली सकाळी भेलकांडणारे पक्षी मिळतात.

उत्तर: मोठा आवाज आधी ऐकण्याच्या केसपेशींना मारतो. पण पक्ष्यांना एक देणगी आहे. १९८८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी कोंबडीची पिल्लं आणि लावा पक्षी यांच्यात दाखवलं की मेलेल्या केसपेशींच्या जागी आधारपेशींपासून नव्या तयार होतात. तोलाच्या अवयवांत तर ही भरपाई पक्ष्याच्या आयुष्यभर चालू असते. माणसाच्या कानात गेलेली ऐकण्याची केसपेशी परत येत नाही, म्हणून या शोधाकडे कानाच्या संशोधकांचं इतकं लक्ष आहे.

तुम्हाला मिळणारे पक्षी मात्र बहुधा काचेवर आदळलेले आहेत. रात्री आवाजाने दचकून उठायचं, अंधारात उडायचं आणि उजेड दिसलेल्या काचेवर जाऊन आपटायचं, असं ते होतं. असा पक्षी मिळाला तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी मऊ कापड घाला, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि शांत, अंधाऱ्या जागी तास-दोन तास ठेवा. एसी नको. दाणा-पाणी देऊ नका. तोल गेलेला पक्षी पाण्यात चोच बुडवून गुदमरतो. सारखं उघडून बघू नका. नंतर खोकं मोकळ्या जागेत नेऊन उघडा आणि त्याला स्वतः उडू द्या, हवेत फेकू नका. दोन तासांनंतरही डोकं एका बाजूला कललेलं असेल, पक्षी लोळत असेल किंवा पंख लोंबत असेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. घार, घुबड किंवा फ्लेमिंगो असेल तर जाड टॉवेलने झाका आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घारीला आणि घुबडाला धरताना आधी पाय धरायचे, कारण इजा चोचीपेक्षा नख्यांनी जास्त होते. फ्लेमिंगोचे पाय लांब आणि ठिसूळ असतात, ते आवळून धरू नका. पंख अंगाशी मिटवून धड उचला.